मनाचे औषध आणि दातांचा जमाखर्च

(जागतिक मौखिक आरोग्य दिनानिमित्त २० मार्च रोजी रुग्णालयाच्या सभागृहात व्यवस्थापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वैद्यकीय विषयावर रुग्णालयाच्या व्यवस्थापकाने बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटणे स्वाभाविक आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे आयुष्य खातेवह्या, ताळेबंद आणि लेखापरीक्षकांचे शेरे यांत गेले. रोगनिदान हा माझा प्रांत नव्हे. आज मी जे सांगणार आहे त्यातील वैद्यकीय भाग आपल्या मनोविकार विभागाच्या व दंत विभागाच्या डॉक्टरांनी वाचून, तपासून दिलेला आहे. तथापि काही गोष्टी दोन विभागांच्या मधल्या जागेत घडत असतात. त्या मधल्या जागेत, म्हणजे नोंदणी कक्षात, औषधांच्या खिडकीपाशी आणि बिलाच्या टेबलापाशी, आमच्यासारखे हिशेबी पेशाचे लोक बसलेले असतात. त्यामुळे त्या गोष्टी आम्हांला थोड्या लवकर दिसतात, इतकेच.

नैराश्यावरील औषधे आणि दातांचे आरोग्य हा असाच मधल्या जागेतला विषय आहे. मनोविकारतज्ज्ञ रुग्णाच्या मनाची विचारपूस करतात, दंतवैद्य त्याच्या दातांची पाहणी करतात. परंतु मनासाठी घेतलेली गोळी तोंडात काय बदल घडवून आणते, हे रुग्णाला समजावून सांगण्याचे काम नेमके कोणाचे, याचा निर्णय बहुतेक ठिकाणी झालेलाच नसतो.

या विषयाची व्याप्ती प्रथम ध्यानात घेऊ. बंगळुरू येथील निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार प्रौढांपैकी दर २० जणांत सुमारे एकाला आयुष्यात केव्हातरी नैराश्याच्या विकाराने गाठलेले होते. त्याहून गंभीर बाब म्हणजे अशा रुग्णांपैकी बहुसंख्य, शेकडा ८५ च्या आसपास, उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता; पण आपल्याकडील चित्र फार वेगळे असेल असे मानण्यास आधार नाही. याचा अर्थ असा की, जो रुग्ण घरच्यांचा संकोच, शेजाऱ्यांची कुजबुज आणि स्वतःच्या मनातील भीती ओलांडून आपल्या दारापर्यंत येतो, तो फार मोठा डोंगर चढून आलेला असतो. असा रुग्ण केवळ तोंड कोरडे पडते आणि दात किडतात म्हणून औषध सोडून माघारी गेला, तर ती हानी फक्त दातांची राहत नाही.

या औषधांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण धर्मादाय रुग्णालयांशी त्याचे नाते आहे. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील सी व्ह्यू या क्षयरोग्यांच्या रुग्णालयात आयप्रोनियाझिड हे औषध देण्यात येत होते. क्षयाने खंगलेले रुग्ण हे औषध घेतल्यावर उल्हसित होऊ लागले, तेव्हा त्याचा मनावर परिणाम होत असावा असा कयास बांधला गेला. यकृतावरील दुष्परिणामांमुळे ते औषध पुढे मागे पडले. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथील डॉ. रोलंड कून यांनी इमिप्रामिन या औषधाचा नैराश्यावरील उपयोग प्रसिद्ध केला. त्याच कुळातील अमिट्रिप्टिलिन आजही जगभर वापरात आहे. १९८७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत फ्लुओक्झेटिनला मान्यता मिळाली आणि नव्या पिढीच्या औषधांचा काळ सुरू झाला. अमिट्रिप्टिलिन, फ्लुओक्झेटिन व एस्सिटालोप्राम ही औषधे आपल्या देशाच्या २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. या औषधांनी असंख्य संसार सावरले आहेत. आज जे काही सांगावयाचे आहे, ते ही गोष्ट मनात पक्की ठेवूनच.

आता दातांकडे वळू. डॉक्टर मंडळींनी मला समजावून सांगितले तेव्हा मला माझ्या परिचयाची भाषा आपोआप सुचली. दातावरील एनॅमल ही आपली स्थावर मालमत्ता आहे. ती एकदाच मिळते. त्यात जिवंत पेशी नसल्याने झिजलेले एनॅमल शरीर नव्याने बांधून देत नाही. मात्र या मालमत्तेच्या देखभालीसाठी निसर्गाने एक चालू निधी ठेवला आहे, आणि तो म्हणजे लाळ. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. ती बहुतांशी पाणीच असते, परंतु तिच्यात कॅल्शियम व फॉस्फेट ही खनिजे असतात, आम्लाला शमविणारे बायकार्बोनेट असते आणि जंतूंना आवर घालणारी प्रथिने असतात.

आपण गोड खाल्ले की दातांवरील जंतू त्या साखरेपासून आम्ल तयार करतात. अमेरिकेतील संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हे मोजून दाखविले. गोड पदार्थ तोंडात जाताच काही मिनिटांत दातांवरील थराची आम्लता वाढते आणि ती पूर्ववत होण्यास अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. आम्लतेचा सामू साडेपाचच्या खाली गेला की एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. हिरडी खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडलेले असेल, तर तो भाग त्याहून सौम्य आम्लातही विरघळतो. लाळ हे आम्ल धुऊन टाकते आणि गेलेल्या खनिजांची काही अंशी भरपाई करते. म्हणजे दर जेवणानंतर एक खर्च पडतो आणि लाळ तो भरून काढते. जमा बंद झाली आणि खर्च चालूच राहिला, तर खात्याचे काय होते हे सांगण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही.

मन आणि लाळ यांचा संबंध आपल्या मराठी भाषेला पूर्वीपासून ठाऊक आहे. भीती वाटली की आपण ‘तोंडचे पाणी पळाले’ असे म्हणतो, आवडता पदार्थ दिसला की ‘तोंडाला पाणी सुटले’ असे म्हणतो. लाळग्रंथींना मज्जातंतूंकडून आज्ञा मिळते आणि ती आज्ञा अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनामार्फत पोहोचते. इमिप्रामिन, अमिट्रिप्टिलिन यांसारखी जुन्या पिढीची औषधे या रसायनाचा मार्ग अडवितात. त्यामुळे तोंडाला कोरड पडणे हा त्यांचा अगदी नेहमीचा परिणाम आहे. नव्या पिढीच्या औषधांत हे प्रमाण तुलनेने कमी असते, परंतु शून्य नसते. पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन, मिर्टाझापिन या औषधांनीही तोंड कोरडे पडू शकते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. अमिट्रिप्टिलिन हे औषध केवळ नैराश्यासाठीच दिले जाते असे नाही. अर्धशिशी, मधुमेहामुळे होणारी पायांची आग, नसांचे जुनाट दुखणे यांसाठीही ते अल्प मात्रेत दिले जाते. मधुमेही व्यक्तीच्या हिरड्या आधीच नाजूक असतात. त्यात वयोमानानुसार रक्तदाबाची, सर्दीची, लघवीच्या तक्रारीची औषधे चालू असली, तर त्यांपैकी कित्येक औषधे तोंड कोरडे करणारीच असतात. एकेका औषधाचा परिणाम थोडाथोडा असतो, पण बेरीज मोठी होते. म्हणून हा विषय फक्त मनोविकार विभागाचा आहे, अशी कोणी समजूत करून घेऊ नये.

लाळ आटली म्हणजे काय होते? सुरुवातीला रुग्णाला भाकरीचा घास कोरडा लागतो, बोलताना जीभ टाळूला चिकटते, रात्री पाण्यासाठी उठावे लागते. पुढे तोंडाला वास येतो, जिभेची आग होते, तोंडात पांढरी बुरशी धरते. ज्यांना कवळी आहे त्यांची कवळी बसत नाही, कारण कवळीला धरून ठेवणारा लाळेचा पातळ थरच नाहीसा झालेला असतो. यानंतर येते ती कीड. ही कीड नेहमीपेक्षा निराळी असते. ती हिरडीच्या कडेला, दाताच्या मानेपाशी लागते आणि एकाच वेळी अनेक दातांना लागते. पुढच्या दातांना एरवी सहसा कीड लागत नाही. लाळ आटलेल्या तोंडात तेही सुटत नाहीत.

रात्रीची वेळ सर्वांत घातक. झोपेत प्रत्येकाचीच लाळ जवळजवळ थांबते. त्यातून जुन्या पिढीच्या गोळ्या झोप आणतात म्हणून त्या बहुधा रात्रीच दिल्या जातात. गोळी घेऊन वर साखर घातलेले दूध पिऊन झोपण्याची आपल्याकडे अनेक घरांत पद्धत आहे. अशा वेळी ती साखर रात्रभर दातांवर राहते आणि तिला धुऊन काढणारे तोंडात काहीच नसते.

आणि येथेच रुग्ण स्वतःच्या नकळत आपले नुकसान वाढवून घेतो. तोंड कोरडे पडते म्हणून तो लिमलेटच्या गोळ्या चघळतो, दर तासाला गोड चहा घेतो, लिंबाचे सरबत पितो, साखरेचे आवरण असलेली बडीशेप तोंडात ठेवतो. क्षणभर बरे वाटते. परंतु ज्या तोंडात आम्ल धुणारी लाळ नाही, त्या तोंडात दिवसातून दहा वेळा साखर आणि आम्ल जाऊ लागते. दात गोळीने किडत नाहीत. गोळीने लाळ कमी होते आणि उरलेले काम साखर करते. ही साखळी रुग्णाला वेळीच समजली, तर ती तोडणे बहुतांशी त्याच्याच हातात असते. माझ्या मते आजच्या भाषणातील सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे.

बिलात सवलत मागण्यासाठी माझ्याकडे आलेल्या एका प्रौढ भगिनींची हकीकत सांगतो. त्यांची ओळख पटेल असे काही सांगणार नाही. पतीच्या निधनानंतर त्यांना नैराश्याने ग्रासले होते. औषधाने झोप परतली, त्या पुन्हा स्वयंपाकपाणी पाहू लागल्या, नातवंडांना शाळेत सोडू लागल्या. वर्षभरात मात्र त्यांचे पाचसहा दात किडले. त्यांनी बाहेर दोन ठिकाणी दात दाखविले, पण आपण कोणती गोळी घेतो हे एकाही ठिकाणी सांगितले नाही. ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती होती. पुढे शेजारच्या कोणी सांगितले की या गोळ्यांनीच दात जातात, आणि त्यांनी गोळी एके दिवशी एकदम बंद केली. पंधरा दिवसांत जुने दिवस परत आले. माझ्यासमोर बसून त्या म्हणाल्या, “साहेब, गोळी घेतली तर दात जातात, नाही घेतली तर झोप जाते. आता मी काय सोडू ते तुम्हीच सांगा.”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, परंतु आपल्या डॉक्टरांपाशी होते, आणि ते असे की दोहोंपैकी काहीच सोडावयाचे नाही. मनोविकारतज्ज्ञांनी औषध पुन्हा सुरू करताना तोंड कमी कोरडे करणारे औषध निवडले. दंत विभागाने किडलेले दात भरले, फ्लोराइडचा लेप दिला आणि खाण्यापिण्याच्या सवयी बदलून दिल्या. दोन विभागांना एकमेकांची चिठ्ठी मिळाली, एवढ्याने हे जमले.

नव्या पिढीच्या औषधांसंबंधी आणखी तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली म्हणजे झोपेत दात खाणे. फ्लुओक्झेटिन, सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन यांसारखी औषधे सुरू केल्यानंतर काही रुग्णांत पहिल्या काही आठवड्यांत ही तक्रार उद्भवते. रुग्णाला स्वतःला ती कळत नाही. शेजारी झोपणाऱ्याला करकर आवाज ऐकू येतो. सकाळी जबडा आखडतो, कानशिले दुखतात, दातांच्या कडा झिजतात किंवा तुटतात. मात्रा कमी करणे, औषध बदलणे, पूरक औषध देणे किंवा रात्री दातांवर बसविण्याचे संरक्षक कवच वापरणे असे उपाय डॉक्टर योजू शकतात. अट एकच की, त्यांना ते कोणीतरी सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट रक्तस्रावाची. रक्त गोठविणाऱ्या पेशी सेरोटोनिनचा वापर करतात आणि ही औषधे त्या पेशींमधील सेरोटोनिन कमी करतात. केवळ एवढ्याने दात काढण्यापूर्वी गोळी बंद करण्याची सहसा गरज नसते. मात्र सोबत अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अथवा आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके असतील तर रक्तस्राव लांबण्याचा संभव वाढतो. तिसरी गोष्ट कृत्रिम दंतरोपणाची. २०१४ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ही औषधे घेणाऱ्यांत रोपण अयशस्वी होण्याचे प्रमाण शेकडा १०.६, तर न घेणाऱ्यांत ४.६ आढळले. असा अभ्यास संबंध दाखवितो, कारण सिद्ध करीत नाही. परंतु हजारो रुपये खर्चून रोपण करण्यापूर्वी दंतवैद्यांशी मोकळेपणाने बोलावे, एवढे त्यातून निश्चित निघते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, सारा दोष औषधांच्या नावे टाकणे चुकीचे ठरेल. नैराश्य स्वतःच दातांचे शत्रू आहे. ज्याला सकाळी अंथरुणातून उठावेसे वाटत नाही, तो दोन वेळा दात कोठून घासणार? जेवणाची वेळ राहत नाही, गोड खाणे वाढते, तंबाखूचा आधार घेतला जातो. आपल्या ग्रामीण भागात अनेक भगिनी मिश्रीने दात घासतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. मन खिन्न असले की ती दिवसातून चारचारदा लावली जाते. शिवाय नैराश्यात औषधाविनाही तोंड कोरडे पडू शकते. तेव्हा आजार बरा होणे हाही दातांवरचाच एक उपचार आहे.

म्हणून अतिशय स्पष्ट शब्दांत सांगतो : दातांच्या तक्रारीमुळे कोणीही नैराश्यावरील गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, कमीही करू नये. एकदम बंद केल्यास चक्कर, मळमळ, अस्वस्थता, निद्रानाश असे त्रास होतात आणि मूळ आजार उलटण्याची भीती असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२२ मध्ये ब्युप्रेनॉर्फिन या तोंडात विरघळणाऱ्या औषधामुळे दातांना इजा होऊ शकते, असा इशारा दिला. ते औषध नैराश्याचे नव्हे, व्यसनमुक्तीचे व वेदनाशमनाचे आहे. परंतु त्या इशाऱ्यातही औषध थांबवा असे सांगितलेले नव्हते. औषध विरघळल्यावर पाण्याने चूळ भरावी, दात घासण्यापूर्वी किमान तासभर थांबावे आणि दंतवैद्यांना नियमित दाखवावे, असा सल्ला होता. उपचार चालू ठेवून दात जपणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

आता रुग्णांनी आणि नातेवाइकांनी घरी काय करावे, ते सांगतो. यांत खर्चाचे फारसे काही नाही.

दिवसभर जवळ साधे पाणी ठेवावे आणि घोट घोट घ्यावे. गोड गोळ्या, सरबत, शीतपेये टाळावीत. काही चघळावेसे वाटले तर बिनसाखरेचे च्युइंग गम चघळावे; चघळण्याने उरलेल्या लाळग्रंथी कामाला लागतात. चहा दिवसातून ठरावीक वेळीच घ्यावा, कारण साखरेच्या प्रमाणाइतकेच तिच्या वारंवारतेला महत्त्व आहे. दोन वेळा फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासावेत. भारतीय नियमांनुसार टूथपेस्टमध्ये फ्लोराइडची कमाल मर्यादा दहा लाख भागांत १००० भाग इतकी आहे. बाजारातील प्रत्येक पेस्टमध्ये फ्लोराइड असतेच असे नाही, म्हणून वेष्टन वाचून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्टला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले, यावरून तिचे मोल कळावे. घासून झाल्यावर फेस थुंकावा, भरपूर पाण्याने खळखळून चूळ भरू नये. पेस्टचा अंश दातांवर राहू द्यावा. रात्री दात घासल्यानंतर पाण्याखेरीज काहीही घेऊ नये; दूध घ्यावयाचेच असल्यास ते आधी घ्यावे. मिश्री व तंबाखू सोडावी. कोरड फारच असेल तर कृत्रिम लाळेचे द्रावण किंवा लाळ वाढविणारे औषध दंतवैद्य सुचवू शकतात. ते आपल्या मनाने घेऊ नये.

दंतवैद्यांकडे जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात. याला कारणे आहेत. दात बधिर करण्याच्या इंजेक्शनमध्ये बहुधा अ‍ॅड्रिनलिन असते; जुन्या पिढीच्या गोळ्या चालू असतील तर दंतवैद्य त्याचे प्रमाण मर्यादित ठेवतात. दुखण्यासाठी ट्रामाडोल दिले आणि रुग्ण फ्लुओक्झेटिनसारखी गोळी घेत असला, तर क्वचित प्रसंगी दोन औषधांचा गंभीर विपरीत परिणाम होऊ शकतो. लिथियम घेणाऱ्यांत काही वेदनाशामकांमुळे रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढते. जुन्या गोळ्यांमुळे एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून भोवळ येते, म्हणून खुर्चीवरून सावकाश उठावे लागते. आपण काय घेतो हे न सांगणे म्हणजे दंतवैद्यांना डोळे बांधून काम करावयास लावणे होय.

माझ्या कर्मचारी सहकाऱ्यांना येथे एक नम्र विनंती. रुग्णाने सांगावे असे आपल्याला वाटत असेल, तर आपण विचारण्याची रीत तशी ठेवली पाहिजे. दहा माणसे रांगेत उभी असताना खिडकीतून मोठ्याने ‘मानसिकच्या गोळ्या चालू आहेत का?’ असे विचारल्यास कोणीही ‘नाही’ असेच सांगेल. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. मानसिक आजारासंबंधीची माहिती गोपनीय राहणे हा त्या कायद्याने रुग्णाचा हक्क आहे आणि मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागणूक मिळणे हाही. तेव्हा ‘सध्या कोणकोणती औषधे घेता?’ एवढाच प्रश्न प्रत्येक रुग्णाला, आतल्या खोलीत, एकाच सुरात विचारावा. मधुमेहाची गोळी आणि मनाची गोळी एकाच ओळीत लिहिली गेली की संकोच आपोआप निम्मा होतो.

शेवटी माझ्या प्रांतातील गोष्ट. नैराश्यावरील जेनेरिक गोळी काही रुपयांत मिळते. एका दाताचे रूट कॅनॉल आणि त्यावरील कॅप यांचा खर्च हजारांत जातो. सहा महिन्यांतून एकदा केलेली तपासणी आणि फ्लोराइडचा लेप यांचा खर्च या दोहोंच्या मध्ये कोठेतरी, पण पहिल्याच्या अधिक जवळ असतो. कोणताही हिशेबनीस याहून सोपा निर्णय मागणार नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी शेकडा १० खाटा निर्धन रुग्णांसाठी व शेकडा १० खाटा दुर्बल घटकांसाठी राखून ठेवावयाच्या असतात आणि बिलांच्या रकमेतील शेकडा २ हिस्सा निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाचा असतो. आपणही तो जमा करतो. परंतु या व्यवस्थेची आखणी मुख्यतः खाटांभोवती आहे आणि दातांचे बहुतेक उपचार खाटेविना, बाह्यरुग्ण विभागातच होतात. त्यामुळे दातांसाठी आलेल्या गरीब रुग्णाला सवलत देताना स्वतंत्र तरतूद लागते.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी चार सूचना ठेवीत आहे. नैराश्यावरील उपचार सुरू होताच प्रत्येक रुग्णाची दंत विभागात विनामूल्य प्राथमिक तपासणी व्हावी आणि पुढे दर सहा महिन्यांनी ती व्हावी. दोन्ही विभागांच्या केसपेपरवर चालू औषधांचा रकाना असावा. औषधांच्या खिडकीतून गोळ्यांसोबत घरी करावयाच्या काळजीची सोप्या मराठीतील चिठ्ठी दिली जावी. आणि देणगीदारांच्या साहाय्याने एक छोटा दंतसाहाय्य निधी उभा राहावा. मोठी यंत्रसामग्री नको, नवी इमारत नको. रकाना, चिठ्ठी आणि थोडा निधी एवढेच मागणे आहे.

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ अशी आपल्याकडे म्हण आहे. दुःखाने जेवणावरची वासना उडालेल्या माणसाला औषधाने पुन्हा भूक लागते, जगण्यात रस वाटू लागतो. त्या वेळी त्याच्या तोंडात दात शाबूत असावेत, एवढी व्यवस्था आपण करू शकतो आणि ती करण्यास आपण सारे समर्थ आहोत, असा मला विश्वास वाटतो.